दोन सांत्वनपत्रं आणि तीन सिनेमे

तो माणूस दिसायच्या आधी त्याचं गाणं ऐकू येतं. गोठ्याच्या माळ्यावर, गवतात, दोन पोरं निजली आहेत. जॉन आणि त्याची चिमुरडी बहीण पर्ल. होडीतून नदीने पळत आलेली, पार दमलेली. लांब कुठेतरी कुणीतरी सावकाश गात चाललंय. जॉन डोकं वर काढून बघतो, तर क्षितिजावर एक घोडा, त्यावर काळी आकृती, जराही घाई नसलेली. हा माणूस कधी झोपतच नाही का, असं ते पोरगं स्वतःशीच पुटपुटतं.

‘द नाइट ऑफ द हंटर’ हा सिनेमा १९५५चा. घोड्यावरचा माणूस म्हणजे हॅरी पॉवेल, पाद्र्याच्या वेशात फिरणारा खुनी. विधवा हेरायच्या, लग्न लावायचं, पैसे घ्यायचे आणि गळा कापायचा, हा त्याचा धंदा. पोरांच्या आईला त्याने मारलंय. पोरांच्या बापाने लपवलेले दहा हजार डॉलर पर्लच्या बाहुलीच्या पोटात आहेत, म्हणून आता तो पोरांच्या मागावर आहे. आणि गातोय काय, तर देवाच्या सनातन बाहूंवर मी रेलून आहे, मला कशाचंही भय नाही.

‘लीनिंग ऑन द एव्हरलास्टिंग आर्म्स’ हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते पॉवेल झालेल्या रॉबर्ट मिचमच्या त्या खर्जातल्या आवाजात. त्यामुळे बरीच वर्षं माझ्या लेखी ते खुन्याचं गाणं होतं. अमेरिकेतल्या प्रेक्षकांचं नेमकं उलटं झालं असणार. त्यांनी ते लहानपणी चर्चच्या बाकावर आईशेजारी बसून म्हटलेलं, आणि मग ते गाणं थिएटरमध्ये असं समोर आलेलं. ते पुढच्या दाराने शिरले, मी मागच्या. घरात पोचल्यावर मात्र दोघांनाही एकच प्रश्न पडतो: इतकं गोड, इतकं निरागस, संडे स्कूलमधल्या पोरांनी टाळ्या वाजवत म्हणावं असं हे गाणं भीतीच्या शेजारी इतकं चपखल कसं बसतं?

मला वाटतं, याचं उत्तर गाण्याच्या जन्मात आहे. भीती त्यात नंतर कुणी मिसळलेली नाही. ती तिथे होतीच, फक्त शब्दांतून बाहेर राहिली होती.

अँथनी शोवॉल्टर हा गाणं शिकवणारा माणूस. जन्म व्हर्जिनियातला, १८५८चा. पुढे जॉर्जियातल्या डाल्टन गावी त्याने संगीताची पुस्तकं छापण्याचा व्यवसाय थाटला. पण त्याचं खरं काम होतं गायनशाळा घेण्याचं. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा ही पद्धतच होती. शिक्षक एखाद्या गावी जाऊन काही आठवडे मुक्काम ठोकायचा आणि शेतकरी, दुकानदार, त्यांच्या बायका, पोरं यांना एकत्र बसवून स्वरलिपी वाचायला शिकवायचा. ही लिपीही लोकांना सोसेल अशी केलेली होती. प्रत्येक स्वराच्या टिंबाला वेगळा आकार, कुठे त्रिकोण, कुठे चौकोन, म्हणजे ज्याने जन्मात कधी पियानोला हात लावला नाही त्यालाही आपला सूर कोणता ते बघताक्षणी कळावं. शाळा संपली की गाव चार आवाजांत गायला लागायचं आणि शिक्षक पुढच्या गावी.

शोवॉल्टर असाच अलाबामातल्या हार्टसेल गावी शिकवत असताना त्याच्याकडे दोन पत्रं आली. दोन्ही साउथ कॅरोलायनातल्या जुन्या विद्यार्थ्यांची. दोघांच्याही बायका गेल्या होत्या.

त्याने दोघांना सांत्वनाची पत्रं लिहायला घेतली. काय लिहावं ते सुचेना तेव्हा बायबलमधलं एक वचन त्याने आधाराला घेतलं. अनुवाद या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायातलं, मोशे मरण्याआधी आपल्या लोकांना आशीर्वाद देतो तिथलं. देव तुमचा आश्रय आहे आणि तुमच्या खाली त्याचे सनातन बाहू आहेत, असा त्याचा आशय. पत्रं लिहिता लिहिता त्याच्या मनात धृपद आलं, चालीसकट. कडव्यांसाठी त्याने एलिशा हॉफमन या पाद्र्याला लिहिलं. हॉफमन पेनसिल्व्हेनियाचा, आयुष्यात दोन हजारांच्या घरात भक्तिगीतं लिहिलेला. त्याने तीन कडवी पाठवली आणि १८८७मध्ये गाणं छापून आलं.

आता ती कडवी बघा. पहिल्यात किती हा आनंद, किती ही सोबत. दुसऱ्यात किती गोड ही वाटचाल, वाट दिवसेंदिवस कशी उजळत चाललीय. तिसऱ्यात मला भय कसलं, धास्ती कसली, प्रभू तर इतका जवळ आहे. संपलं. मेलेल्या बायका कुठेच नाहीत. ते दोन विद्यार्थी कुठेच नाहीत. हॉफमन कसलेला माणूस होता, कुठल्याही सभेत, कुठल्याही दिवशी म्हणता येईल असं गाणं त्याने बांधून दिलं. त्यात त्याची काही चूक नाही. पण ज्या पत्रांसाठी हे सगळं सुरू झालं ती त्यातून गळून गेली. उरलं ते उत्तर. प्रश्न निघून गेला.

सांत्वनपत्राबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण मला ते कधीच धड जमलेलं नाही. आमच्या घरी पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असला की आजी ते वाचायच्या आधीच खाली बसायची. त्याला जे उत्तर जायचं त्याचा मायना ठरलेला: कळून अतिशय वाईट वाटले, ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही, मुलांकडे बघून धीर धरावा. आता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले हात. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची बायको गेली तेव्हा मी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. टाइप करायचं, पुसायचं. शेवटी मीही तेच लिहिलं, हे दुःख सोसण्याची शक्ती देव तुम्हाला देवो. मी देव मानते की नाही हे मला स्वतःला नीट सांगता येणार नाही, पण त्या क्षणी दुसऱ्या कुणाचं नाव सुचलं नाही. आपल्याकडे शब्द नसले की माणूस जुन्या वाक्यावर रेलतो. शोवॉल्टरनेही तेच केलं. फक्त तो संगीतशिक्षक होता, म्हणून त्याच्या वाक्याला चाल लागली.

हे कळल्यानंतर ‘नाइट ऑफ द हंटर’ मी पुन्हा पाहिला आणि या वेळी माझं लक्ष गाण्यापेक्षा हातांकडे जास्त गेलं. पॉवेलच्या उजव्या हाताच्या बोटांवर प्रेम गोंदलंय, डाव्या हाताच्या बोटांवर द्वेष, एकेका बोटावर एकेक इंग्रजी अक्षर. गावकऱ्यांपुढे तो या दोन हातांची कुस्ती लावून दाखवतो. बोटांत बोटं अडकवून, पिळून, द्वेष आता जिंकतोय, जिंकतोय, आणि नाही, शेवटी प्रेमाने त्याला चीत केलं! आईसफ्रीमच्या दुकानातल्या बायाबापड्या भारावून जातात. या हातांचा माणूस सनातन बाहूंचं गाणं गात हिंडतो. दिग्दर्शक चार्ल्स लॉटन यांनी आपलं लक्ष जाईल इतकी जागा ठेवली आहे, पण बोट कुठे दाखवलेलं नाही.

मग शेवटाकडचा तो प्रसंग. पोरांना आसरा दिलाय रेचेल कूपर नावाच्या म्हातारीने. ही भूमिका लिलियन गिशची, मूकपटांच्या काळातली केवढी मोठी नटी ती! रात्र आहे. रेचेल जाळीच्या ओसरीत झुलत्या खुर्चीत बसली आहे, मांडीवर बंदूक. बाहेर अंगणाशी पॉवेल बसलाय, वाट बघत. आणि तो गायला लागतो. तेच गाणं, त्याच बेफिकीर लयीत.

आणि रेचेल त्याच्याबरोबर गायला लागते.

हा प्रसंग पहिल्यांदा बघताना अंगावर काटा आला होता, पण का आला ते कळलं नव्हतं. कळलं ते गाण्याची छापील स्वरलिपी बघितल्यावर. या धृपदात दोन थर आहेत. वरचे आवाज ‘लीनिंग’ हा शब्द लांबवून धरतात, आणि ते थांबलेले असतात तेवढ्या वेळात खालचे आवाज मधली जागा भरतात: ‘लीनिंग ऑन जीझस’. कीर्तनात बुवांनी ओळ सोडली की मागचे टाळकरी ती उचलून धरतात ना, त्यातला प्रकार. गायनशाळांसाठी रचलेल्या गाण्यांत अशी प्रतिसादाची जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण शाळेत चार आवाजांची माणसं बसलेली असतात आणि प्रत्येकाला काहीतरी काम द्यायचं असतं. हे गाणं एकट्याने म्हणण्यासाठी बनलेलंच नाही.

पॉवेल कायम एकटा गातो. म्हणजे तो कायम अर्धंच गाणं गातो. आणि त्याच्या वाट्याला आलेल्या अर्ध्यात येशूचं नावच नाही! रेलणं आहे, सुरक्षित असणं आहे, बाहू आहेत, पण कुणाचे ते तो कधीच म्हणत नाही. रेचेल तो राहिलेला थर गाते, नावासकट. मांडीवरची बंदूक न हलवता. एका धार्मिक गाण्याचे दोन थर दोन शत्रूंमध्ये वाटून दिलेत, आणि ऐकायला ते इतकं सुंदर लागतं की क्षणभर दोघं एकाच मंडळीतले वाटावेत. तेवढ्यात घरातली एक मुलगी हातात मेणबत्ती घेऊन येते. त्या उजेडाने जाळीपलीकडचं दिसेनासं होतं. रेचेल फुंकर मारते, अंधार होतो, बाहेर बघते तर तो जागेवर नाही.

चाळीस सेकंदांचा असेल नसेल तो गाण्याचा तुकडा, पण धर्माच्या वापराबद्दल याहून नेमकं काही मी पडद्यावर पाहिलेलं नाही. सिनेमा तेव्हा पडला. लॉटन यांनी पुन्हा कधीच चित्रपट दिग्दर्शित केला नाही. नंतर तो थोर वगैरे ठरला, अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहाच्या यादीत १९९२मध्ये गेला, पण लॉटन १९६२लाच वारले होते.

गाणं मात्र त्या रात्रीपासून दुहेरी झालं. ते वापरणाऱ्या पुढच्या प्रत्येक दिग्दर्शकाला मिचमची सावली टाळता येणार नव्हती.

२०१०मध्ये कोएन बंधूंचा ‘ट्रू ग्रिट’ आला. मी तो थिएटरमध्ये पाहिला नाही, बऱ्याच उशिरा घरी पाहिला. ट्रेलर मात्र तेव्हाच पाहिला होता. त्यात अमेरिकी गायक जॉनी कॅशच्या आवाजातलं ‘गॉड्स गॉना कट यू डाउन’. तेही जुनं भक्तिगीत, आफ्रिकन-अमेरिकन चर्चमधलं, गोल्डन गेट क्वार्टेट वगैरे मंडळींनी १९४०च्या दशकात ध्वनिमुद्रित केलेलं. कॅशने ते मरणाच्या अलीकडे म्हटलं आणि ते बाहेर आलं त्याच्या पश्चात, २००६मध्ये. पाय आपटल्याचा ठोका, टाळ्या, आणि त्या थकलेल्या, तरीही न वाकलेल्या आवाजातली धमकी: पळ, किती पळायचं ते पळ, एक दिवस देव तुला गाठणारच. ट्रेलरला याहून सोयीचं काय? घोडे, बंदुका, सूड.

याबद्दल माझी जरा तक्रारच आहे. चर्चमध्ये हे गाणं म्हणणारा माणूस स्वतःलाही त्या ‘तू’मध्ये धरतो. बाकावर बसलेल्या प्रत्येकाने आपापलं पाप आठवावं म्हणून तर ते गायचं. ट्रेलरमध्ये पापी नेहमी समोरचा असतो आणि देवाचं काम नायकाच्या पिस्तुलाकडे आलेलं असतं. पुढे तर ही साथच आली. जुनं कुठलंही गाणं घ्यायचं, त्याचा वेग निम्मा करायचा, खाली ढोल घालायचा, की झाला ट्रेलर. त्याला पुनर्जन्म म्हणायचं असेल तर म्हणा. मला तो उसना कोट वाटतो.

तर ‘ट्रू ग्रिट’ लावला तो त्या ढोलांच्या अपेक्षेने. सिनेमा सुरू होतो तो काळोखातून हळूहळू उजळणाऱ्या एका ओसरीवर. बर्फ पडतंय, खाली एका माणसाचं प्रेत. पियानोवर एक साधी चाल. मी उठून बसले. ही तर पॉवेलची चाल!

संगीतकार कार्टर बर्वेल. कथेतली मॅटी रॉस चौदा वर्षांची, आर्कान्सातल्या येल परगण्यातली, बापाच्या खुन्याला फासावर चढवायला निघालेली. चार्ल्स पोर्टिस यांच्या १९६८च्या मूळ कादंबरीत ही पोरगी ऊठसूट बायबल फेकते, कोणता पंथ बरोबर आणि कोणता चुकीचा यावर वाचकाला सुनावते. सिनेमात त्यातलं थोडंच आलंय. बर्वेल यांनी ते संगीताच्या वाटेने आत आणलं. त्यांचं पार्श्वसंगीत बरंचसं जुन्या चर्चगीतांवर बांधलेलं आहे आणि त्यात मुख्य चाल ही. मॅटी कुठेही गात नाही, पण तिच्या डोक्यात काय वाजत असेल ते आपल्याला ऐकू येतं. ठाम, सरळ, शंका न घेणारं.

सुरुवातीलाच ती एक वाक्य बोलते: या जगात प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते, देवाची कृपा तेवढी फुकट. १८८७चं गाणंही तसं फुकटच होतं म्हणा, त्याच्या स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपली होती. जुनी भक्तिगीतं सिनेमात इतकी का येतात याचं एक कारण हेही आहे. चाल कुणीही घ्यावी, कुणाची परवानगी नको, पैसे नकोत. भक्ती वगैरे ठीक आहे, पण निर्मात्यांचा हिशोबही असतोच.

मॅटी किंमत मोजते. सूड पूर्ण होतो त्याच क्षणी बंदुकीच्या धक्क्याने ती मागच्या खड्ड्यात पडते आणि तिच्या हाताला साप चावतो. रूस्टर कॉगबर्न, तो एकडोळ्या, दारुडा मार्शल, तिला वर काढतो, तिच्याच लाडक्या घोड्यावर घालतो आणि रात्रभर पळवतो. घोडा तोंडाला फेस येऊन कोसळतो. रूस्टर त्याला गोळी घालतो. मग मॅटीला दोन्ही हातांवर उचलून घेतो आणि पळायला लागतो. म्हातारा, जाडा, धापा टाकणारा. वर तारे. शेवटी त्याच्याने पाऊल उचलवत नाही. आपण म्हातारे झालो, असं तो म्हणतो आणि मदतीसाठी आकाशात पिस्तूल झाडतो.

या प्रसंगाबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतंय, कारण सगळं इतकं उघड आहे की बोट ठेवलं तर विस्कटेल. सनातन बाहूंचं गाणं सिनेमाभर वाजलंय आणि प्रत्यक्षात मिळतात ते रूस्टर झालेल्या जेफ ब्रिजेसचे, दारूने थरथरणारे, दमून गेलेले बाहू. कोएन बंधू तसे टिंगलखोर, त्यांच्या इतर सिनेमांत श्रद्धाळू माणसाचं काही खरं नसतं. इथे त्यांनी टिंगल केलेली नाही.

पाव शतकानंतर मॅटी चाळिशीच्या आसपास आली आहे. लग्न केलेलं नाही. एक हात नाही, तो सापाने नेला. रूस्टरचं पत्र येतं, मेंफिसला एका फिरत्या वेस्टर्न तमाशात तो काम करतोय, भेटायला ये म्हणून. ती जाते, तर तो तीन दिवसांपूर्वीच गेलेला. ती त्याचं प्रेत गावी आणवते आणि आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरते. कबरीपाशी उभी राहते, मग पाठ फिरवून टेकडीवरून चालायला लागते. एक बाही रिकामी. आणि तेव्हा, इतका वेळ नुसती वाजत आलेली चाल पहिल्यांदा शब्द घेऊन येते, आयरिस डिमेंटच्या आवाजात.

डिमेंट या आर्कान्सातच जन्मलेल्या, चौदा भावंडांत धाकट्या, पेंटेकोस्टल घरातल्या. आईच्या तोंडची गाणी म्हणून २००४मध्ये त्यांनी ‘लाइफलाइन’ नावाचा भक्तिगीतांचा संग्रह केला, त्यातलं हे गाणं. आवाजाला गावठी धार आहे, किंचित नाकातला, अजिबात घोटून गुळगुळीत न केलेला. बाजारात भाजी निवडताना कुणीतरी स्वतःशी म्हणावं तसं त्या म्हणतात. मला भय कसलं? धास्ती कसली? हे शब्द एका हाताच्या बाईच्या पाठमोऱ्या आकृतीवर पडतात तेव्हा ते घोषणा राहत नाहीत. खरंच विचारल्यासारखे वाटतात.

मला तिथे ते दोन विद्यार्थी आठवले. शोवॉल्टरचं पत्र हातात घेऊन बसलेले, रिकाम्या घरात. हॉफमनच्या कडव्यांनी जे बाहेर ठेवलं होतं ते सिनेमाने परत आत घेतलं. लॉटन यांनी गाण्याच्या समोर खुनी उभा केला, कोएन बंधूंनी कबर आणि रिकामी बाही. शब्द तेच आहेत, एकही बदललेला नाही. पण आता त्यांना सांत्वन करायला कुणीतरी आहे. ज्याला काहीच झालेलं नाही अशा माणसाला तुम्ही सुरक्षित आहात म्हणून सांगण्यात काय अर्थ?

आणखी एक बारकावा, ज्यांना असल्या गोष्टींची खाज असते त्यांच्यासाठी. मुख्य कथा घडते १८७०च्या दशकात. तेव्हा हे गाणं जन्मलेलंच नव्हतं. म्हणजे चौदा वर्षांच्या मॅटीला ते ठाऊक असणं शक्य नाही. पण कबरीपाशी उभ्या असलेल्या प्रौढ मॅटीच्या काळात ते छापून सोळा-सतरा वर्षं झाली होती आणि दक्षिणेतल्या चर्चमध्ये पसरलं होतं. शब्द नेमके तिथेच येतात. हा योगायोग की हिशोब, कोण जाणे. मला हिशोब वाटायला आवडतं.

त्या वर्षी ऑस्करवाल्यांनी बर्वेल यांचं संगीत मूळ संगीताच्या स्पर्धेतून बाद केलं. आधीच अस्तित्वात असलेल्या चर्चगीतांचा त्यात फार वापर आहे म्हणून. नियम म्हणून बरोबरच. पण जुन्या चालीतून न बोललेलं बाहेर काढणं याला नवनिर्मिती म्हणायचं नाही, तर आपल्याकडच्या अर्ध्या गायकांनी काय करायचं? एकच बंदिश तीनशे वर्षं सगळे गातायत.

तिसरा सिनेमा ‘फर्स्ट रिफॉर्म्ड’, २०१७चा, पॉल श्रेडर यांचा. श्रेडर मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या कडक कॅल्व्हिनपंथी घरात वाढले, जिथे पोरांना सिनेमा बघायलाच बंदी होती. त्यांचा नायक टोलर हा न्यूयॉर्क राज्यातल्या एका अडीचशे वर्षं जुन्या, जवळपास ओस पडलेल्या चर्चचा पाद्री. ईथन हॉकने हे काम असं केलंय की माणूस दर दृश्यात थोडा थोडा वाळत जाताना दिसतो. मुलगा इराकच्या युद्धात गेलेला, बायको सोडून गेलेली, पोटात दुखणं, हातात दारू. चर्चच्या वाढदिवसाला, चर्चशेजारच्या आपल्या घरात, तो अंगावर स्फोटकांचं जाकीट चढवतो. पण मेरी चर्चमध्ये शिरताना दिसते. मेरी म्हणजे नवऱ्याने आत्महत्या केलेली, पोटुशी तरुण बाई. टोलर जाकीट काढतो, उघड्या अंगाभोवती काटेरी तार गुंडाळतो, वरून पांढरा झगा घालतो, आणि ग्लासात नळ साफ करायचं द्रावण ओततो.

तिकडे चर्चमध्ये एस्थर गायला उभी राहते. हे तेच गाणं. ही एस्थर म्हणजे मोठ्या चर्चमध्ये गायकवृंद बघणारी, टोलरवर जीव असलेली, आणि जिला त्याने अत्यंत क्रूर शब्दांत झिडकारलेलं आहे ती. तिला सगळ्यांसमोर एकटीला उभं राहून बाहूंचं गाणं म्हणायचंय. श्रेडर यांनी हे तिला दिलं यात मला तरी क्रूरपणा दिसतो आणि मायाही. मिचमनंतर हे गाणं पुन्हा एकदा एकट्या माणसाकडे आलं, खालचा थर नसलेलं.

इकडे मेरी दारात उभी. टोलरच्या हातून ग्लास पडतो. दोघं एकमेकांना मिठीत घेतात, काटे दोघांच्या मध्ये, कॅमेरा गोल गोल फिरत राहतो, गाणं चालूच. आणि ऐन मध्येच सगळं तुटतं. पडदा काळा. आवाजही नाही.

यावरून माझं आणि माझ्या एका मैत्रिणीचं भांडण अजून मिटलेलं नाही. ती म्हणते, मेरी आलेलीच नाही, तो ते द्रावण प्यायलाय आणि मरता मरता त्याला हे दिसतंय. दारं बंद होती, ही आली कुठून? मी म्हणते, गाणं ऐक ना. एस्थर खरोखर गातेय, समोर खरोखर लोक बसलेत, ते आपण आधीच पाहिलंय, आणि तेच गाणं न तुटता मिठीवर चालू राहतं. म्हणजे वेळ एकच आहे, दोन्ही खोल्यांत. ती म्हणते, मग चर्चमधला आवाज शेजारच्या घरात इतका लख्ख कसा ऐकू येतो? यावर माझ्याकडे उत्तर नाही. मग ती विजयी मुद्रेने चहा ठेवते आणि मी म्हणते की श्रेडर यांना पटकथा लिहिता येते, पण ध्वनी कुठून किती यावा हे कळत नसेल. हे मलाही पटत नाही. तिला तर मुळीच पटत नाही. पुढच्या वेळी ती आली की आम्ही शेवटची दहा मिनिटं परत लावणार आहोत, या खेपेला हेडफोन लावून, आणि तिचं म्हणणं आहे की ग्लास पडल्याचा आवाज आधी नीट ऐकायचा.